चालायची हौस

अकोल्याच्या माणसाला उन्हाचं सांगू नये. सांगणाऱ्याचाच पाणउतारा होतो. अमेरिकेतल्या टूसॉनच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकल्याबरोबर यामिनीनं वडिलांना बजावलं, की मे महिना आहे, इथलं ऊन कोरडं असतं, घाम आलेला कळतसुद्धा नाही, तेव्हा टोपी आणि पाणी सोडायचं नाही. दिगंबररावांनी खांद्यावरचा सुती दुपट्टा काढला, डोक्याकानांवरून घट्ट गुंडाळला, मानेमागं गाठ मारली आणि वर बघत म्हणाले, की असलं ऊन आमच्याकडे होळीलाच सुरू होतं. त्यांची सारी नोकरी वीज मंडळात, ऐन वैशाखात खांबाखाली उभं राहून माणसांकडून तारा ओढून घेण्यात गेलेली. त्यांना वाळवंटाचं काय कौतुक?

कौतुक त्यांना गाडीचं होतं. लेकीनं अमेरिकेत गाडी घेतली, जुनी का होईना, पण निळी आणि स्वतःच्या नावावर, हे त्यांनी अकोल्यात ज्याला त्याला ऐकवलं होतं. यामिनीच्या आईनं, मालिनीबाईंनी, गाडीत ठेवायला पितळी गणपती पाठवला होता. यामिनीही दर रविवारी गाडीत बसूनच व्हिडिओ कॉल करायची आणि काचेतून मागचे डोंगर दाखवायची. त्यामुळे दिगंबरराव ऐटीत दोन्ही बॅगा ढकलत पार्किंगच्या दिशेनं निघाले, तेव्हा आईला तिथंच उभं करून यामिनीला त्यांच्यामागं धावावं लागलं. बस दुसऱ्या बाजूनं सुटते, म्हणाली. गाडी गॅरेजमध्ये आहे, एक पार्ट मिळत नाहीये, मागवलाय, येईल.

पार्टबीर्ट काही नव्हता. गाडी ठणठणीत होती, आणि कुश नावाचा तिच्या लॅबमधला मुलगा ती चालवत होता. कुशचे आईवडील मराठी, पण तो वाढला अमेरिकेतच, अल्फारेटाला. मराठी त्याला कळायचं, बोलायचा मात्र इंग्रजीच. पाहुणे असेपर्यंत गाडी बिल्डिंगसमोर दिसायला नको, म्हणून यामिनीनं ती त्याच्याकडे ठेवली होती. कारण विचारायची गरज त्याला नव्हती. फेब्रुवारीत मातीचे नमुने चाळता चाळता यामिनी लॅबच्या फरशीवर कोसळली, तेव्हा तिच्या डोक्याखाली स्वतःचं जॅकेट सारणारा तोच होता.

फिट. डॉक्टरांनी फार सभ्य शब्द वापरले, गोळ्या लिहून दिल्या, आणि गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. तीन महिने झटका आला नाही तर पुन्हा चालवता येईल. एप्रिलमध्ये दुसरा झटका आला आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. हे घरी सांगायचं म्हणजे काय होईल, हे यामिनीला पाढ्यांसारखं पाठ होतं. बाबा पहिल्या विमानानं तिला घेऊन जातील. पीएचडीचं उरलेलं एक वर्ष राहील कायमचं उरलेलं. आणि ‘दिगंबररावांच्या पोरीला फिट येते’ हे वाक्य अकोल्यात एकदा सुटलं की ते तिच्या आधी सगळीकडे पोचेल. आठवडाभराचा तर प्रश्न होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आठवडाभर मूठ झाकायची, गाव दाखवायचं आणि त्यांना परत विमानात बसवून द्यायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

पण गाडीशिवाय हे गाव दाखवायचं म्हणजे काय, हे तिलाही पुरतं ठाऊक नव्हतं. गाव म्हणावं तर गाव दिसत नाही. रस्ते नदीसारखे रुंद, नद्या मात्र नुसत्या वाळूच्या. एका दुकानापासून दुसऱ्या दुकानापर्यंत मधे एवढं मोठं पार्किंग, की ओलांडताना माणसाला आपलं काही चुकलंय असं वाटावं. फुटपाथ मधेच सुरू होतो, मधेच संपतो. सावली हवी असेल तर विजेच्या खांबाची. ती दिगंबररावांनी सवयीनं पहिल्याच दिवशी शोधून काढली, आणि बस येईपर्यंत तिघंही त्या खांबाच्या पट्टीत एकामागं एक उभी राहिली.

बस फुकट होती. या गोष्टीवर दिगंबररावांचा दोन दिवस विश्वास बसला नाही. तिसऱ्या दिवशी बसला, तेव्हा ते म्हणाले, की फुकट आहे म्हणूनच तासातासानं येते. बसमध्ये सामानाच्या पिशव्यांसकट झोपलेली माणसं, व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्या, आणि मधे हे तिघं. बाकीचं गाव काचा लावून, एसी लावून बाजूनं सुसाट जात होतं. त्या गाड्यांकडे बघताना दिगंबररावांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते पाहून यामिनी लगबगीनं लांबचे डोंगर दाखवू लागायची. माणूस सात समुद्र ओलांडून लेकीचं वैभव बघायला आलेला, आणि लेक त्याला बसस्टॉप दाखवत होती.

मालिनीबाईंची मात्र कशाला तक्रार नव्हती. त्यांचं पहिल्या दिवशी एकच मागणं होतं, एक कांदा हवा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, ही विदर्भातली जुनी रीत. यामिनीला त्याचं नवल वाटलं नाही. इथल्या दुकानातले कांदे नारळाएवढे. मालिनीबाईंनी सगळा ढीग उपसून त्यातल्या त्यात लहान असा एक निवडला आणि पर्समध्ये टाकला. दिगंबररावांनी थट्टा केली, की बायकोनं अमेरिकेत येऊन पहिली खरेदी केली ती कांद्याची. मालिनीबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

परदेशात आल्यावर आई थोडी भित्री झालीय, असं यामिनीला वाटू लागलं. ट्राम यायची वेळ झाली की ती यामिनीचं मनगट घट्ट धरायची आणि ट्राम पूर्ण थांबेपर्यंत सोडायची नाही. रस्त्यानं चालताना नेमकी गाड्यांच्या बाजूला स्वतः व्हायची. इथल्या कड्या अडकतात म्हणे, म्हणून यामिनीला बाथरूमची कडी लावू देईना. पुऱ्या तळायला यामिनी उठली, तर तिला गॅसपाशी उभं राहू दिलं नाही. चार दिवस आलेय तर माझ्या हातचं खा, म्हणाली. हॉलमध्ये चांगला सोफा उघडून पलंग करून दिलेला, पण आई रात्री यामिनीच्या खाटेशेजारी जमिनीवर सतरंजी टाकून निजायची. गार लागतं जमिनीला, बरं वाटतं, म्हणायची.

चोराच्या मनात चांदणं असतं, पण यामिनीच्या मनात ते भलतीकडेच पडलं होतं. तिचं सारं लक्ष बाबांवर. गोळ्यांची डबी तिनं कॉफीच्या रिकाम्या डब्यात दडवली होती, आणि सकाळ-संध्याकाळ बाबा बाथरूममध्ये गेले की पटकन गोळी गिळायची. बाबांनी गाडीचा विषय काढला की दुसरं काहीतरी काढायचं. बाबा भाड्यानं गाडी घेऊ म्हणाले. तू चालव, मी नकाशा बघतो, म्हणाले. तिनं इन्शुरन्सचं काहीतरी सांगितलं. ते खोटं इतकं सुरळीत तोंडातून आलं, की तिची तिलाच भीती वाटली.

एका संध्याकाळी गावाच्या पश्चिमेला, पांढऱ्या दगडांत इंग्रजी ए अक्षर रचलेल्या टेकडीवर ती त्यांना घेऊन गेली. ट्राम संपते तिथून चालत. लोक गाड्या घेऊन थेट माथ्यावर जात होते, आणि हे तिघं कडेनं धापा टाकत. अर्ध्या वाटेवर दिगंबरराव थांबले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि लेकीकडे बघून हसले.

"तू अगदी नंदूवर गेलीस बाप्पा," ते म्हणाले. "गाडी असून पायी हिंडणारी."

नंदूमामा म्हणजे मालिनीबाईंचा थोरला भाऊ. यामिनीनं त्याला पाहिलेलं नव्हतं. फोटोत उंच, सडपातळ, पायांत टायरच्या चपला. त्याच्याबद्दल घरात एकच गोष्ट सांगायचे, की नंदूला चालायची फार हौस. सगळी पोरं सायकलीवर शाळेत जात, हा चालत. लग्नाची वऱ्हाडं बैलगाडीतून जात, हा मागून चालत. आयुष्यात कधी सायकलवर बसला नाही, बैलगाडी हाकली नाही. पुढं तरुणपणीच मळ्यातल्या विहिरीवर पाय घसरून गेला. यामिनीला ही गोष्ट लहानपणापासून आवडायची. आताही ती हसली. आई पुढं निघून गेली होती.

खाली परत येऊन तिघं बसस्टॉपवर उभी होती तेव्हाची गोष्ट. सिग्नलला एक निळी गाडी थांबली. कुश. त्यानं त्यांना पाहिलं नाही, तो गाण्याच्या तालात मान हलवत होता. डॅशबोर्डवर पितळी गणपती उन्हाच्या तिरिपेत चमकत होता. दिगंबरराव दुसरीकडे तोंड करून वेळापत्रक वाचत होते. सिग्नल हिरवा होऊन गाडी जाईपर्यंत यामिनी त्यांच्या आणि रस्त्याच्या मधे उभी राहिली. मग हळूच आईकडे पाहिलं. मालिनीबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. त्यांनी पाहिलं नसावं अशी यामिनीनं मनाची समजूत घातली.

शेवटच्या दिवशी दिगंबररावांनी हट्टच धरला. ते उंच उंच, हात वर केलेले निवडुंग, ज्यांचं चित्र विमानतळापासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडे होतं, त्यांचं जंगल त्यांना पाहायचं होतं. यामिनीनं सांगितलं, की जंगलापर्यंत बस जात नाही. शेवटच्या स्टॉपवर उतरून पुढं तीन-चार मैल राहतात. दिगंबररावांनी ते किलोमीटरमध्ये करून पाहिलं आणि म्हणाले, एवढंच ना? त्यासाठी टॅक्सीचे पैसे कशाला? आम्ही लाइन तपासायला याच्या दुप्पट हिंडायचो, आणि तेही अकोल्याच्या उन्हात. यामिनीनं कुशला फोन करायचा विचार केला. पण कुश आला तर निळ्या गाडीतून येणार, आणि गाडी आली की गोष्ट उघडी पडणार. तिला ना हो म्हणता येईना ना नाही म्हणता येईना. शेवटी तिनं पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या.

त्या सकाळी गोळीही राहिली. दिगंबररावांनी उत्साहाच्या भरात पहाटेच उठून स्वतः चहा करायला घेतला, आणि कॉफीच्या डब्यापाशी नेमके तेच उभे. ते आंघोळीला गेले की घेऊ असं ती म्हणते तोवर कळलं, की त्यांची आंघोळ आधीच उरकली आहे. निघायची घाई झाली. बसमध्ये बसल्यावर यामिनीच्या लक्षात आलं, आणि मग सबंध वाटेत ती स्वतःला समजावत राहिली, की एका गोळीनं काही होत नाही.

शेवटच्या स्टॉपवर बस त्यांना सोडून वळली आणि निघून गेली. पुढं डांबरी रस्ता, दोन्हीकडे खुरटी काटेरी झुडपं आणि लांब डोंगराच्या पायथ्याशी ते निवडुंग, हात वर करून उभे. जवळ वाटत होते. चालायला लागलं की तेवढेच लांब राहत. अकोल्याच्या उन्हात निदान मधे एखादं लिंबाचं झाड असतं, रसवंती असते, कुणाच्या ओसरीवर माठ असतो. इथे काही म्हणजे काही नव्हतं. गाड्या जायच्या त्या काचा वर करून. पाण्याच्या बाटल्या अर्ध्या वाटेच्या आतच संपल्या. दिगंबररावांचं बोलणं कमी होत होत थांबलं. एका वळणावर ते म्हणाले, की फाटक या वळणापलीकडेच असणार, मी पुढं होऊन बघतो, पाणी घेऊन येतो, तुम्ही या झाडाखाली बसा. आणि दुपट्टा सावरत ते निघाले. त्यांची चाल पाहून यामिनीला कळलं, की बाबा दमलेत आणि ते कबूल करणार नाहीत.

झाड म्हणजे आपल्या बाभळीसारखं, फक्त खोडापासून फांद्यांपर्यंत हिरवं. सावली चाळणीतून पडल्यासारखी. यामिनी बसली, आणि तिला जळक्या रबराचा वास आला.

तिनं आईकडे पाहिलं. आईला वास येत नव्हता. जिभेवर तांब्याची चव आली. मग ती ओळखीची, नकोशी खात्री, की हे झाड, ही सावली, आईचे हे बूट, हे सगळं आपण पूर्वी कधीतरी पाहिलंय. आता थोडा वेळ उरला होता, एखादं वाक्य बोलण्यापुरता. काय बोलावं? घाबरू नको म्हणावं? तोंडात काही घालू नको म्हणावं? बाबांना कळू देऊ नको म्हणावं? तिनं तोंड उघडलं, आणि "आई" एवढंच बाहेर पडलं.

पुढचं तिला ठाऊक नाही.

सगळ्यात आधी कांद्याचा वास आला. मग वाळू गालाला टोचली. ती कुशीवर होती, डोक्याखाली घडी केलेली ओढणी होती, आणि तिच्या पाठीला आईचा गुडघा टेकलेला होता. फोडलेला कांदा आईच्या हातात होता. दुसरा हात यामिनीच्या केसांत होता.

"झालं," मालिनीबाई म्हणाल्या. "गेलं. पडून रहा."

त्या आवाजात घाबरणं नव्हतं. त्यात सवय होती, आणि त्या सवयीनंच यामिनीला रडू आलं. रडण्याइतकी शक्ती नव्हती, नुसतं पाणी वाहिलं. बाबा कुठे आहेत, असं तिनं विचारलं. आले नाहीत अजून, आई म्हणाली. त्यांनी पाहिलं नाही. मग तिनं यामिनीच्या गालाची वाळू पुसली. कुठेतरी किडे किरकिरत होते.

जीभ जड झाली होती, तरी यामिनीनं विचारलं, की तुला कधी कळलं.

आई म्हणाली, विमानतळावर गाडी नाही म्हणालीस तेव्हाच. दर रविवारी गाडीत बसून फोन करणारी पोर एकाएकी घरातून फोन करायला लागली, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. त्या दिवशी सिग्नलला आपला गणपती आपल्याच गाडीतून दुसऱ्याबरोबर गेला आणि उरलीसुरली शंका फिटली. गाडी चांगली आहे, आणि पोर चालवत नाही. याचा अर्थ मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होता.

"काहून म्हणून विचारशील," त्या म्हणाल्या. "नंदूला चालायची हौस नव्हती, यामिनी."

एवढं बोलून त्या थांबल्या. मग सांगत गेल्या, तेही कांद्याची पाकळी बोटांनी सोलता सोलता, जणू स्वयंपाकघरात बसल्या आहेत. नंदूला आठव्या वर्षापासून फिट यायची. आजोबांनी ठरवलं, की सायकल नाही, बैल नाही, झाडावर चढणं नाही. लोक विचारायला लागले, की पोरगा सायकल का शिकत नाही, तेव्हा आजीनं सांगितलं, त्याला चालायची हौस आहे. सगळ्या गावाला तेच सांगितलं. सांगून सांगून ते खरंच झालं. मालिनी धाकटी. तिला एकच काम. नंदूच्या मागं मागं जायचं, परकराच्या खिशात कांदा ठेवून. पडला की फोडायचा आणि नाकाशी धरायचा. ज्या दिवशी तो विहिरीवर गेला, त्या दिवशी तिची शाळेत परीक्षा होती.

यामिनीला फोटोतल्या टायरच्या चपला आठवल्या. लहानपणी शाळेच्या निबंधात तिनं नंदूमामावर लिहिलं होतं आणि बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. तिनं डोळे मिटले. डोकं ठणकत होतं. कांद्याचा वास अजून येत होता, आणि काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "आई, कांद्यानं काही होत नाही गं."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "नंदूलासुद्धा कधी झालं नाही. वेळ झाली की आपला आपण उठायचा. पण नुसतं बघत बसायचं तर हातात काहीतरी लागतं ना."

यामिनीनं तिचा कांदा धरलेला हात दोन्ही हातांत घेतला. इतके दिवस एकटीनं ओढलेलं ओझं कुणीतरी दुसऱ्या टोकानं उचलल्यासारखं तिला वाटलं, आणि त्या भरात ती म्हणाली, की आज बाबांना सांगून टाकू. चिडतील, घाबरतील, घरी चल म्हणतील, पण आपण दोघी मिळून समजावू. आता तर तू आहेस.

मालिनीबाईंनी हात सोडवून घेतला. त्यांचा चेहरा यामिनीनं असा कधी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, की तुझ्या बाबांना नंदूचं ठाऊक नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा घरात फिट आहे म्हटलं असतं तर कुणी उंबऱ्यात उभं केलं नसतं. पाय घसरला असंच सांगितलं. इतकी वर्षं झाली, तुझे बाबा दर दिवाळीला त्याच्या फोटोला हार घालतात आणि चालण्यावरून थट्टा करतात. आज तुझं सांगितलं की पहिला प्रश्न विचारतील, की आपल्या घरात तर कुणाला नाही, मग हे आलं कुठून. मी काय तोंड दाखवू? माझ्याकडूनच आलं ना तुला.

तसं काही नसतं, असं यामिनीला सांगायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिला ठाऊक होतं, की बऱ्याचदा कारणच सापडत नाही, की मामाला होतं म्हणून भाचीला असं काही नसतं. पण आईनं आजवर तिच्यापुढं कधी हात पसरला नव्हता. आता ती वाळूत बसून, अर्धा सोललेला कांदा मांडीवर ठेवून, लेकीची विनवणी करत होती.

"मी आहे तोवर नको," त्या म्हणाल्या. "एवढं माझं ऐक."

तेवढ्यात वळणावरून एक मोठी पांढरी गाडी सावकाश आली. पुढच्या सीटवर दुपट्टा गुंडाळलेले दिगंबरराव, मांडीवर पाण्याच्या बाटल्या. रुंद हॅट घातलेल्या एका अमेरिकन बाईंनी त्यांना रस्त्यात गाठलं होतं. फाटक अजून बरंच लांब होतं, आणि त्यांची अवस्था पाहून त्यांनी गाडी थांबवली होती. बाईंनी उतरून यामिनीला पाहिलं आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची का म्हणून विचारलं. यामिनी उत्तर जुळवते आहे तोवर आई पुढं झाली आणि बाबांना म्हणाली, की ऊन लागलं हो पोरीला. चक्कर येऊन पडली. कांदा फोडला, आता बरी आहे. मालिनीबाईंच्या आवाजात तिळमात्र फरक नव्हता. असं खोटं आईनं किती वेळा आणि कुणाकुणाला सांगितलं असेल, असं यामिनीच्या मनात आलं.

दिगंबररावांचा चेहरा पडला. आपल्याच हट्टानं लेकीची ही दशा झाली, हे त्यांना कळलं. त्यांनी डोक्याचा दुपट्टा काढून पाण्यात भिजवला आणि तिच्या कपाळावर धरला. अकोल्याची पोर आणि तिला ऊन लागलं, असं पुटपुटत राहिले. यामिनीला वाटलं, आत्ता सांगावं. बाबा, तुमच्यामुळं नाही झालं हे. एवढं जरी सांगितलं असतं तरी त्या माणसाचा जीव हलका झाला असता. पण ते सांगायला पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

बाईंनी घरापर्यंत सोडते म्हटलं. मागच्या सीटवर यामिनी, तिचं डोकं आईच्या खांद्यावर. एसीचा वारा, काळ्या काचा, आणि काचांपलीकडे ते उंच निवडुंग आता मागं मागं जाऊ लागले. जंगल पाहायचं राहिलंच. त्याचं कुणी नाव काढलं नाही.

बाई बोलक्या होत्या. वाळवंटात राहून या मुलीकडे गाडी नाही, याचं त्यांना राहून राहून आश्चर्य वाटत होतं. त्यांनी दिगंबररावांना तसं विचारलं. दिगंबररावांना प्रश्न कळला, आणि तोच त्यांच्या मनातला होता. ते मागं वळले. थट्टेचा सूर कुठेच नव्हता, काळजीच होती सगळी.

"यामिनी, तुझी गाडी येणार तरी कधी गॅरेजमधून?"

यामिनीनं तोंड उघडलं. खांद्यावरच्या तिच्या डोक्यावर आईचा हात आला आणि जरासा दाबला गेला.

"राहू द्या हो गाडीचं," मालिनीबाई म्हणाल्या. "तिला चालायचीच हौस आहे. पहिल्यापासून."

दिगंबररावांनी बायकोकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि मान डोलवून पुढं वळले. नंदूवर गेली, एवढं ते स्वतःशीच म्हणाले.

बाईंनी आरशातून हसून विचारलं, की तुझी आई काय म्हणाली.

यामिनीनं आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मांडीवर पर्स होती आणि तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती. मग यामिनीनं इंग्रजीत सांगितलं, की आई म्हणतेय, मला चालायला आवडतं.